शॉपफ्लोअरवर लीन झालं, आता म्हणे अख्ख्या कंपनीत करायचंय

तिसरी पाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, पण आता डोकं भणभणलंय म्हणून धागा काढतोय.

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत प्रॉडक्शन बघतो. प्रेस शॉप, वेल्डिंग, थोडं मशीनिंग. आमच्या शॉपफ्लोअरवर लीन (फुकट जाणारा वेळ, साठा आणि हेलपाटे कमी करायची टोयोटाकडून आलेली पद्धत) बऱ्यापैकी मुरलंय. प्रेस आणि वेल्डिंगच्या मधे कानबान कार्डं चालतात, म्हणजे पुढच्याला लागेल तेवढंच बनव असा मागच्याला निरोप देणारी. प्रेसचा डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला पूर्वी अर्धी पाळी जायची, ते काम आता चहाच्या सुट्टीत उरकतं. ऑडिटच्या आदल्या रात्री रंगरंगोटी करावी लागत नाही, एवढं सांगितलं तरी जाणकारांना कळेल.

आता एमडी साहेबांनी जाहीर केलंय की यंदा लीन 'सगळ्या ऑर्गनायझेशनमध्ये' न्यायचं. परचेस, स्टोअर, अकाउंट्स, एचआर, डिझाइन, सेल्स, सगळीकडे. मला हे हवंच होतं. पण सुरुवात कशी झाली? कन्सल्टंटची माणसं आली आणि अकाउंट्सच्या टेबलांवर पिवळ्या पट्ट्या मारून गेली. स्टेपलरची जागा, पंचिंग मशीनची जागा, पाण्याच्या बाटलीची जागा. अकाउंट्सवाले दिवसभर हसले आणि संध्याकाळी राग माझ्यावर, कारण 'हे तुमच्या प्रॉडक्शनवाल्यांचं खूळ'.

आमचं काम मशीनवर कमी आणि कागदावर जास्त अडतं. एकच उदाहरण देतो. सीएनसी मशीनचा कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं छोटं पातं, किंमत तीन-चारशे रुपये. टूल क्रिबमध्ये (हत्यारांच्या कोठीत) डबी संपत आली की क्रिबवाला इंडेंट (मागणीपत्र) भरतो. ते सुपरवायझरच्या सहीला. तो सेकंड शिफ्टला असेल तर उद्या. मग माझी सही. मग स्टोअरची 'शिल्लक नाही' अशी सही, जी स्टोअरवाला दिवसातून एकदाच, चारनंतर करतो. मग परचेस. तिथं तीन कोटेशनं मागवायची, दरवेळी, त्याच तीन डीलरांकडून, आणि ऑर्डर दरवेळी त्यातल्या एकालाच. मग पीओ (खरेदीची ऑर्डर). मग फायनान्सची मंजुरी, ती आठवड्यातून दोनदा. माल गेटवर आला की जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), मग इन्स्पेक्शन. इन्सर्टचं इन्स्पेक्शन म्हणजे डबी उघडायची, बघायची, बंद करायची. ईआरपी (सगळ्या खात्यांना जोडणारं सॉफ्टवेअर) आल्यावर हे सुटेल वाटलं होतं. झालं एवढंच की सह्या कागदावरून स्क्रीनवर गेल्या, संख्या तीच.

मी एक इंडेंट हातात धरून टेबलाटेबलावर फिरलो. माणसाचा हात त्याला लागतो तो वेळ सगळा मिळून अर्धा तासही भरत नाही. इन्सर्ट मशीनला लागायला पंधरवडा. तोवर ऑपरेटर झिजलेल्या कडेवरच ओढतो, फिनिश जातं, रिजेक्शन येतं आणि माझ्या बोर्डावरचा आलेख लाल होतो. परचेसच्या बोर्डावर मात्र 'कॉस्ट सेव्हिंग' हिरवंगार.

तर प्रश्न असा की हे शॉपफ्लोअरच्या बाहेर न्यायचं तर पहिली कुदळ कुठं मारायची? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, ज्यांच्यावर केलं गेलंय त्यांनी तर जरूर लिहा. एक विनंती, डबेवाले आणू नका. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण आमच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये ते येऊन गेलेत.

---

उंटावरचा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पिवळ्या पट्ट्यांवरून आठवलं. २००६-०७ च्या सुमारास ब्रिटनच्या कर खात्यात असंच लीन आणलं होतं. टेबलांवर चिकटपट्ट्या मारून कीबोर्ड आणि पेनाच्या जागा आखल्या. एका कर्मचाऱ्याच्या टेबलावरचं केळं 'वापरात' आहे की नाही, अशी विचारणा झाल्याची बातमी तिथल्या पेपरांत गाजली होती. युनियनने रान उठवलं. तुमच्या अकाउंट्सवाल्यांना सांगा, ते एकटे नाहीत.

---

जमाखर्च

ति.पा., मी कॉस्ट अकाउंटंट आहे आणि सगळी नोकरी कारखान्यांतच झालीय, तेव्हा त्या पिवळ्या पट्ट्यांच्या टेबलापलीकडून लिहिते.

तुमचा कागद कसा अडतो ते छान दाखवलंत. पण खरं दुखणं त्याच्याही वर आहे. कंपनी ज्या हिशोबाने स्वतःला मोजते तो हिशोबच लीनच्या उलट बोलतो. मी जिथं जिथं लीन गळपटताना पाहिलं तिथं बहुतेक वेळा हेच कारण होतं, फक्त मीटिंगच्या मिनिट्समध्ये 'कामगारांचा प्रतिसाद कमी' असं लिहिलेलं असायचं.

सोपे आकडे धरू. महिन्याचा स्थिर खर्च, म्हणजे भाडं, घसारा, कायम पगार वगैरे, १० लाख. महिन्याला १०,००० नग बनतात आणि तेवढेच विकले जातात. नगामागे १०० रुपये स्थिर खर्च चढतो. आता लीनवाले म्हणाले, गोदाम रिकामं करा. या महिन्यात तुम्ही ८,००० च बनवले, २,००० जुन्या साठ्यातून काढले आणि १०,००० विकले. या महिन्याचे १० लाख तर गेलेच. शिवाय त्या जुन्या २,००० नगांच्या किमतीत मागच्या महिन्यांचा २ लाखांचा स्थिर खर्च दडलेला होता, तोही आता नफ्या-तोट्यात उतरला. एकूण १२ लाख. विक्री तेवढीच आणि नफा कागदावर २ लाखांनी कमी. प्रत्यक्षात २,००० नगांचा कच्चा माल घ्यावा लागला नाही, बँकेत पैसे जास्त आहेत, गोदामात जागा झाली. पण मीटिंगमध्ये स्क्रीनवर असतो तो नफा-तोटा.

आता उलट करा. १२,००० बनवा, १०,००० विका. तेच १० लाख १२,००० वर वाटले गेले, नगामागे ८३ रुपये आणि वर थोडे पैसे. विकलेल्या मालावर ८ लाख ३३ हजार पडले, उरलेले १ लाख ६७ हजार न विकलेल्या मालाबरोबर गोदामात जाऊन बसले. नफा वाढला! गोदाम भरणाऱ्या प्लांट हेडला शाबासकी, रिकामं करणाऱ्याला मेमो.

यात गैर काही नाही. एएस-२ म्हणा की इंड एएस-२, आपली ही अकाउंटिंग स्टँडर्ड्स स्थिर उत्पादन खर्च साठ्याच्या किमतीत धरायलाच सांगतात. ताळेबंदासाठी ते पाळावंच लागेल. पण रोजचे निर्णय त्याच पत्रकावर घ्या, असं कुठल्याही स्टँडर्डमध्ये लिहिलेलं नाही. अमेरिकेत कनेटिकटमध्ये वायरमोल्ड नावाची कंपनी होती, विजेच्या वायरिंगचं सामान बनवणारी. १९९१ मध्ये आर्ट बर्न तिथं प्रमुख म्हणून आले. त्यांनी आणि वित्तप्रमुख ऑरी फ्यूम यांनी आतल्या वापरासाठी साधं पत्रक सुरू केलं. माल किती, मजुरी किती, इतर खर्च किती असं सरळ, आणि साठा कमी-जास्त झाल्याचा परिणाम वेगळ्या ओळीत, म्हणजे तो कुणाच्या कामगिरीत मिसळत नाही. ते पत्रक मशीनवरच्या माणसालाही वाचता येतं.

तेव्हा पहिली कुदळ अकाउंट्समध्येच मारा, फक्त टेबलावर नको, एमआयएसवर (साहेबांपुढे जाणाऱ्या आकड्यांच्या पत्रकावर) मारा.

---

तिसरी पाळी

ताई, दंडवत. साठा कमी करायचा आदेश आणि त्याच मीटिंगमध्ये 'प्लांटचा नफा का घसरला' हा प्रश्न, दोन्ही मी ऐकलेत, तेही एकाच माणसाच्या तोंडून. आज उलगडा झाला.

---

सातपूरचा सेटर

आधी ऑपरेटर, मग सेटर, आता युनियनच्या कमिटीवर. तुमचं सगळं वाचलं. हिशोब कळला, कागद कळला. माणूस कुठंय यात?

आमच्या लाइनवर कैझेन (कामगारांच्याच सूचनांवरून छोट्या छोट्या सुधारणा) केलं. आठ माणसांची लाइन सहावर आली. कल्पना आमचीच. वाकून उचलायचा माल कमरेच्या उंचीला आणला, दोन ऑपरेशन एका माणसाला हात न अडकता करता येतील अशी मांडणी केली. बक्षीस म्हणून स्टेजवर बोलावून टिफिन बॉक्स दिला, फोटो काढला, नोटीस बोर्डवर लावला. पुढच्या महिन्यात दोन कंत्राटी पोरं गेटवरनं परत. त्यानंतर सूचनापेटीत काय पडत असेल? 'कँटीनची भाजी सुधारा.' दुसरं काहीच नाही. साहेब लोक विचारतात, कैझेनचा आकडा का पडला?

आता हेच ऑफिसात नेताय. तिथली माणसं काय येडी नाहीत. पंधरवड्याचं काम खरं तर अर्ध्या तासाचं आहे असं तुम्ही फळ्यावर मांडलं की परचेसवाल्याला पहिलं काय ऐकू येणार? 'तुझी गरज नाही.' मग तो तुम्हाला मदत करेल का चौथी सही शोधून काढेल?

---

पन्हं

अवांतर: टिफिन बॉक्स स्टीलचा होता का?

---

सातपूरचा सेटर

प्लास्टिकचा. झाकण बसत नाही.

---

जुनी पाटी

सेटरभाऊंशी पूर्ण सहमत, आणि दाखला खुद्द टोयोटाचाच आहे. १९४९-५० मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. बँकांनी वाचवली, पण माणसं कमी करायच्या अटीवर. मोठा संप झाला, माणसं गेली, आणि जबाबदारी घेऊन संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी १९५० मध्ये राजीनामा दिला. त्यानंतर कायम कामगाराची नोकरी सांभाळायची, ही समजूत तिथं रुजली. टोयोटाची उत्पादन पद्धत घडवणाऱ्या ताइची ओनोंनी जे काही उभं केलं ते या पायावर. आपण वरचा इमला आयात केला आणि पाया कस्टममध्येच सोडून दिला.

टोयोटा म्हणजे संतांची दिंडी असंही नाही. बंगळुरूजवळ बिडदीच्या कारखान्यात २०१४ आणि २०२० मध्ये कामगारांशी वाद होऊन लॉकआउटपर्यंत मजल गेली होती.

आता ति.पा. यांच्या मूळ प्रश्नाकडे. 'फक्त कारखाना बदलला, बाकीची कंपनी तशीच राहिली' याचं सगळ्यात मोठं उदाहरण जनरल मोटर्सचं आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला त्यांचा कारखाना होता. गैरहजेरी, संप, कामावर दारू, सगळं काही. १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना 'नुमी' नावाने उघडला. युनियन तीच, कामगारही बहुतांश तेच. त्यांच्या तुकड्या जपानला पाठवून शिकवलं. लाइनच्या वर दोरी, काही चुकलं की कुणीही ओढायची, टीम लीडर धावत येणार. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची गुणवत्ता जीएमच्या इतर कारखान्यांच्या पुढे गेली.

मग जीएमने तेच लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसला करायचं ठरवलं. दोऱ्या लटकल्या, टीम झाल्या. पण मॅनेजरची किंमत अजून ठरायची ती दिवसाला किती गाड्या बाहेर काढल्या यावर. दोरी ओढणारा कामगार त्याच्या दृष्टीने शत्रूच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नीट न बसणारा पार्ट आला तर नुमीत इंजिनियर आणि सप्लायर धावून यायचे. व्हॅन नाइसला कळवलं तर डिझाइन डेट्रॉइटचं, खरेदी डेट्रॉइटची, आणि डेट्रॉइटला यातलं काहीच बदललेलं नव्हतं. कारखाना सुधारायला निघालेल्या माणसाच्या हातात कारखान्याच्या भिंतीपलीकडचं काही नव्हतंच. १९९२ मध्ये व्हॅन नाइस बंद. जीएमने पुढे बराच काळ घेऊन हे सगळीकडे झिरपवलं, तोवर २००९ ची दिवाळखोरी दारात आली. नुमी २०१० मध्ये बंद झाली आणि त्या जागेत टेस्ला आली.

तुमचा इन्सर्ट म्हणजे छोटं व्हॅन नाइसच आहे.

---

उंटावरचा

एवढं कौतुक चाललंय तर हेही लिहा की. १ फेब्रुवारी १९९७. आयसिन सेइकी, टोयोटाचा सप्लायर, कारिया गावच्या कारखान्याला आग. टोयोटाच्या जवळपास सगळ्या गाड्यांच्या ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह तिथंच बनायचा. टोयोटाकडे साठा किती? काही तासांचा. जपानमधल्या जवळजवळ सगळ्या लाइन्स बंद. झालं तुमचं जस्ट इन टाइम, लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच माल.

---

जुनी पाटी

अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच आठवड्यात डझनांनी सप्लायरनी ड्रॉइंग मागवून, स्वतःची मशीनं लावून तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला. त्यात शिवणयंत्रं बनवणारी ब्रदरही होती. करारावर सह्या, दर, नुकसानभरपाई हे सगळं नंतर. आठवडाभरात उत्पादन बरंचसं मार्गाला लागलं. आपल्याकडे अशा प्रसंगी पहिला फोन वकिलाला गेला असता.

आणि 'साठा शून्य' हे तत्त्व टोयोटाने स्वतःही कधी आंधळेपणाने पाळलं नाही. २०११ च्या भूकंपानंतर त्यांनी सेमीकंडक्टर सप्लायरना दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितला. २०२१ मध्ये चिपचा दुष्काळ पडला तेव्हा सुरुवातीला त्यांना इतरांइतका फटका बसला नाही तो त्यामुळेच. जिथं धोका आहे तिथं माल ठेवा. गोदामात माल आहे तो धोका ओळखून ठेवलाय की परचेसला घाऊकमध्ये स्वस्त मिळाला म्हणून पडलाय, हे आधी विचारा.

---

भोसरी ब्लॉक

आता मी बोलू का? तुमच्यासारख्या कंपन्यांना माल देणारा एक छोटा शेडवाला. 'सगळी ऑर्गनायझेशन' म्हणता त्यात गेटबाहेरचे आम्ही धरलेत का?

आमच्या एका ग्राहकाकडे भिंतीवर मोठा बोर्ड आहे, 'इन्व्हेंटरी: दीड दिवस'. पाहुण्यांना दाखवतात. खरी गंमत माझ्या शेडमध्ये बघायला या. रोज दोनदा माल पाठवायचा, पण शेड्यूल रोज बदलतं. सकाळी डावी बाजू हवी, दुपारी फोन येतो की उजवी पाठव, डावी परत ने. लाइन थांबली तर डेबिट नोट (बिलातून नुकसानीची कपात) माझ्या नावावर. म्हणून मी तयार माल पंधरा दिवसांचा भरून ठेवतो. त्यांचा साठा गेला कुठं? माझ्याकडे आला, व्याज माझ्या सीसीवर (बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावर) चालू.

पेमेंट म्हणाल तर ९० दिवस. कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं आहे, करार नसेल तर १५. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. कागदावर भारी आहे, पण ग्राहकावर दावा लावून पुढची ऑर्डर कोण घेणार? आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराच्या कलम ४३ बी मध्ये भर पडली, की वर्षअखेर थकलेलं असं बिल प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येणार नाही. तेव्हापासून मार्चमध्ये मात्र फोन न करता पैसे येतात. बाकीचे अकरा महिने ये रे माझ्या मागल्या.

ति.पा., तुम्हाला खरंच बाहेर न्यायचं असेल तर परचेसवाल्यांना कैझेन शिकवायच्या आधी एक गोष्ट करून द्या. दोन आठवड्यांचं शेड्यूल गोठवा. बाकीचं आम्ही करू. केंद्राची एमएसएमई लीन योजना १० मार्च २०२३ ला नव्याने सुरू झाली. बेसिक, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या, आणि कन्सल्टंटच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकारचा. आमच्या गल्लीतल्या काही जणांनी घेतलीय, शेडमध्ये फरक दिसतो. पण शेडच्या आत कितीही चकाचक केलं तरी दुपारचा तो फोन यायचा थांबत नाही.

---

तिसरी पाळी

भोसरी ब्लॉक, तो दुपारचा फोन आमच्याकडूनही जातो. आणि तो का जातो तेही सांगतो. सेल्सवाले महिन्याचं टार्गेट शेवटच्या आठवड्यात भरतात. तीन आठवडे निवांत, मग एकदम धो धो. आम्ही प्लॅन बदलतो, आमचा फोन तुम्हाला. म्हणजे तुमच्या शेडमधल्या साठ्याचं मूळ आमच्या सेल्सच्या इन्सेंटिव्हमध्ये आहे.

---

एचआरची कैफियत

शिव्या खायला आलेय. दोनच मुद्दे.

एक, अप्रेझलमध्ये प्रत्येक खात्याचं टार्गेट आम्हीच लिहून घेतो, आणि ते एकमेकांना छेद देतात हे सगळ्यांना माहीत असतं. परचेसला दर कमी करायचा आकडा, स्टोअरला साठा कमी करायचा आकडा, प्रॉडक्शनला मशीन चालू ठेवायचा आकडा. तिघेही आपापला आकडा गाठतात आणि ग्राहकाचा माल उशिरा जातो.

दोन, सेटरभाऊंचा प्रश्न. 'सुधारणेमुळे कुणाची नोकरी जाणार नाही' हे लेखी द्यायला लावा, कैझेन सुरू व्हायच्या आधी, एमडींच्या सहीने. आणि मोकळा करायचा माणूस निवडाल तो लाइनवरचा सगळ्यात चांगला निवडा, त्याला सुधारणेच्या टीममध्ये घ्या. सगळ्यात निरुपयोगी माणसाला 'लीन सेल'मध्ये टाकायची पद्धत आहे आपल्याकडे, त्यावरून लोक काय ते ओळखतात.

---

सातपूरचा सेटर

लेखी देतील कायम कामगाराला. ज्या पोरांना परत पाठवलं ती कंत्राटदाराच्या रोलवर होती. त्यांना कुणाची सही?

---

एचआरची कैफियत

याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही.

---

ओव्हरकोट

मी सिॲटलजवळ फार्मसिस्ट आहे. इथल्या व्हर्जिनिया मेसन हॉस्पिटलमध्ये मी कधी काम केलेलं नाही, पण या भागात लीनचा विषय निघाला की त्यांचंच नाव येतं, म्हणून लिहिते.

गॅरी कॅप्लन नावाचे डॉक्टर तिथं प्रमुख होते. २००२ मध्ये त्यांनी वरिष्ठ मंडळींना घेऊन जपान गाठलं, कारखाने बघायला. डॉक्टर लोकांनी नाकं मुरडली, पेशंट म्हणजे काय गाडी आहे का, वगैरे. परत येऊन दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे वर एचआरताई म्हणतात तीच, सुधारणेपायी कुणाला काढणार नाही हे धोरण. दुसरी, लाइनवरच्या दोरीसारखी सोय. पेशंटला धोका दिसला की शिपायापासून सर्जनपर्यंत कुणीही काम थांबवून कळवायचं आणि वरिष्ठांनी लगेच यायचं.

पण दोरी असली म्हणून लोक ओढतात असं नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये तिथं एका पेशंटला रक्तवाहिनीत एक्स-रेच्या डायऐवजी (एक्स-रेत रक्तवाहिनी दिसावी म्हणून देतात त्या द्रवाऐवजी) जंतुनाशक टोचलं गेलं. दोन्ही द्रव रंगहीन आणि भांड्यांवर लेबल नाही. पेशंट दगावली. हॉस्पिटलने ते लपवलं नाही, जाहीरपणे सांगितलं, आणि त्यानंतर अख्ख्या संस्थेचं एकच ध्येय ठेवलं, पेशंटची सुरक्षितता. बाकीचे सगळे आकडे त्याखाली. माझ्या मते तिथं लीन 'सगळ्या संस्थेत' गेलं ते तेव्हा, २००२ च्या विमानात बसले तेव्हा नाही.

कामाची गोष्ट म्हणजे फार्मसीत लेबल नसलेलं काहीही टेबलावर ठेवू न देणं हेही पट्ट्या मारण्यासारखंच दिसतं. फरक एवढाच की त्यामागचं कारण सगळ्यांना माहीत असतं. स्टेपलरच्या पट्टीमागे काय कारण होतं?

---

टिकटिक

आयटीवाला, लांबून बघतो. ति.पा., तुमच्या परचेसच्या रांगेला लिटलचा नियम लावून बघा. एमआयटीच्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. रांगेत सरासरी किती कामं आहेत, त्याला दिवसाला निकाली निघणाऱ्या कामांनी भागा, तेवढे दिवस एक काम अडकणार. समजा परचेसकडे ६० इंडेंट पडलेत आणि रोज १२ सुटतात. आज टाकलेलं सरासरी पाच दिवसांनी बाहेर येणार, मग वर 'अर्जंट' लिहा नाहीतर 'अति अर्जंट'. अर्जंट शिक्क्याने फक्त दुसऱ्या कुणाचे पाचाचे आठ होतात. आम्ही बोर्डावर एकावेळी किती कामं उघडी ठेवायची यावर मर्यादा घालतो.

---

उंटावरचा

मर्यादा घातली की रांग दाराबाहेर लागणार. सरकारी दवाखान्यात टोकन वाटतात तसं. इंडेंट परचेसच्या ट्रेमध्ये नसेल, क्रिबवाल्याच्या खिशात असेल.

---

टिकटिक

मान्य. नुसती मर्यादा घालून भागत नाही, आवक कमी करायला लागते. मला विचाराल तर इन्सर्टचा इंडेंट लवकर कसा सोडवायचा हा प्रश्नच नाही. तो इंडेंट मुळात निघतोच कशाला?

---

जुनी पाटी

बरोबर पकडलंत. टूल क्रिबमध्ये प्रत्येक इन्सर्टचे दोन बिन. एक संपला की दुसरा पुढे, रिकामा बिन हाच निरोप. डीलरचा माणूस आठवड्याला येतो, रिकामे भरतो. दर वर्षाचा एकदाच ठरवायचा. तीन कोटेशनं घ्यायची ती तेव्हा घ्या, मनसोक्त भाव करा. इंडेंट नाही, तुमची सही नाही, फायनान्सची मंगळवार-शुक्रवारची वाट नाही. दोन बिनांची ही पद्धत नट-बोल्टसाठी तुमच्याकडे असणारच.

आणि हे करायच्या आधी परचेस मॅनेजरना एक पाळी त्या सीएनसीजवळ उभं करा. ओनो म्हणे खडूने जमिनीवर वर्तुळ काढायचे आणि माणसाला त्यात उभं राहून नुसतं बघायला लावायचे. वर्तुळ नका काढू, अपमान वाटेल. खुर्ची द्या, चहा द्या. ऑपरेटर झिजलेल्या कडेशी काय करतो ते मात्र त्यांना डोळ्यांनी दिसू दे.

---

तिसरी पाळी

नट-बोल्टसाठी आहे. इन्सर्टला का नाही विचारलं तर 'महाग वस्तू आहे, चोरी होते' असं उत्तर मिळालेलं. चोरी किती होते याचा आकडा कुणाकडेच नाही, रिजेक्शनचा माझ्याकडे आहे.

पुढच्या आठवड्यात एमडींसमोर बसायचंय. पट्ट्यांचा कार्यक्रम थांबवा, हे सांगणारच. त्याऐवजी दोनच गोष्टी मागतो. क्रिबमधल्या नेहमीच्या वस्तू दोन बिनांवर टाकायच्या, आणि एका प्रॉडक्ट लाइनचं जमाखर्चताईंनी सांगितलं तसं वेगळं पत्रक, सध्याच्या एमआयएसला हात न लावता शेजारी चालवायचं. शेड्यूल गोठवायचा विषय सेल्सशिवाय सुटणार नाही, तो या बैठकीत काढला तर बाकीचे दोन्ही बुडतील. सेटरभाऊ, नोकरी जाणार नाही हे लेखी मागतोय. कंत्राटी मुलांचं नाव त्यात घालून बघतो. खोडलं जाईल असं वाटतं, पण कुणी खोडलं ते तरी कळेल.

जमाखर्चताई, फायनान्सवाले पहिलं ऑडिटचं भूत दाखवणार. दोन बिनांत मंजुरी कुणाची, असं विचारतील.

---

जमाखर्च

ऑडिटरला प्रत्येक डबीवर सही नको असते, त्याला अधिकार कुणाचा ते लेखी हवं असतं. वर्षाचा ओपन पीओ काढा, त्यात वस्तूंची यादी, दर आणि वर्षाची कमाल रक्कम. मंजुरी त्या एका पीओला. महिन्याची मर्यादा घाला, ओलांडली तरच फायनान्सकडे जाईल असं ईआरपीत बसवून घ्या. डीलरला सांगा की बिन भरेल त्याच दिवशी बिल सोबत, महिन्याचं एकगठ्ठा नको, नाहीतर जीएसटीच्या क्रेडिटचा मेळ घालताना अकाउंट्सवाले तुमच्या नावाने बोटं मोडतील. चोरीची शंका असेल तर महिन्यातून एकदा बिन मोजा आणि मशीनवर बनलेल्या नगांशी ताडून बघा. जिथं फरक दिसेल तिथंच कुलूप लावा, सगळ्या क्रिबला नको.

आणि ते शेजारचं पत्रक पहिल्या महिन्यात एमडींना दाखवू नका. साठा हलायला वेळ लागतो, पहिला महिना दोन्ही पत्रकं सारखीच दिसतील आणि ते म्हणतील, मग फरक काय? तिमाहीचं एकदम दाखवा, सोबत बँक बॅलन्सची ओळ ठेवा.

---

भोसरी ब्लॉक

सेल्सबरोबर बैठक कधी लावताय ते कळवा. मी स्वखर्चाने येतो, सोबत गेल्या महिन्यातल्या शेड्यूल बदलांचे सगळे मेल प्रिंट करून आणतो.